बिनखिशाची डांगरी

३ फेब्रुवारी

तीनशे माणसांसमोर माईक धरून तू घारीला माणूस मारलेली बाई ठरवलंस, आणि ते तिने माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीवर बसून ऐकलं. हातातला चहा तिने खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. ती गेल्यावर तो भरलेला कप मी बेसिनमध्ये ओतला.

हं, आता आशीर्वाद. चिरंजीवाला आईचा आशीर्वाद. पत्रात द्यायचा असतो म्हणून देते. पोटातून आलेला नाही, परत पाठवलास तरी चालेल.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, अक्षर बघून नाक मुरडू नकोस. मुरडायला तेवढं नाक तरी कुठे राहिलंय तुझं.

ते भाषण तुझ्या मुलीने पाठवलं. ‘आजी, बघ, बाबा जिंकले!’ पोरीचा काय दोष, तिला बाप डोंगराएवढा वाटतो. मी घारीला हाक मारली, म्हटलं ये गं, आमच्या दिवट्याचं कौतुक बघू. दोघी फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसलो. मागे फलक: ‘आजवरचं सर्वश्रेष्ठ लष्करी विमान कोणतं?’ टेबलाशी तुम्ही चौघं, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या, चेहरे असे की आता कुणाला तरी फाशीच सुनावणार. पहिला म्हणाला स्पिटफायर. दुसरा म्हणाला आठ इंजिनांचं ते बॉम्ब टाकणारं. तिसरा जाड्या, उभा जन्म मालवाहू विमान चालवलेला, तो म्हणाला भोपळा. म्हणजे कागदावरचं नाव म्हणाला, पण आम्ही ओळखलं. आणि तू म्हणालास सुई.

तुझी ओळख करून देताना त्या निवेदकाने सांगितलं, ‘यांच्या घरात विमानविद्येची परंपरा आहे.’ घार मला कोपर मारून म्हणाली, ‘परंपरा म्हणजे तूच गं.’ खरंच की. सत्तावीस वर्षं मी त्या तळावर धावपट्टीवरचे खडे वेचणाऱ्या अकराजणींच्या टोळीची मुकादम होते, घार त्यातलीच एक, आणि तू तिथेच इंजिन फिटर होतास. सुई, भोपळा ही नावंही आम्हीच ठेवलेली. सुई ते निमुळतं, एका इंजिनाचं लढाऊ विमान. भोपळा ते पोटवालं, माणसं आणि पेट्या वाहणारं. तू तिथे हे काही बोलला नाहीस. आई खडे वेचायची म्हटलं असतंस तर टाळ्या दोन कमी पडल्या असत्या बहुतेक.

आणि मग तू काय म्हणालास ते तुझ्याच शब्दांत लिहिते, मी तीनदा ऐकलंय. ‘सुई स्वतःच्या दोषाने कधी पडली नाही. आमच्या तळावर एकच पडली, तीही पट्टीवर राहिलेल्या एका दगडामुळे. झाडणाऱ्या बाईची नजर चुकली आणि पंचवीस वर्षांचा पायलट गेला.’ हे बोलताना आवाज पण जरा खाली आणलास. शिकलास कुठे रे हे?

लोकांनी हात वर केले. सुई जिंकली.

पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये शेवटची फेरी आहे म्हणे, आणि जिंकलेलं विमान संग्रहालयाच्या दारात उभं करणार. त्या फेरीत तू ते वाक्य मागे घ्यायचंस. जसं मोठ्याने बोललास तसंच मोठ्याने.

आई


११ फेब्रुवारी

उत्तर मिळालं. साडेतीन ओळी, तीही टाइप केलेल्या, जसं काही पाणी तोडायची नोटीस. ‘चौकशी अहवालात दगड असंच लिहिलं आहे. मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. ही तांत्रिक चर्चा आहे, तुला त्यातलं कळणार नाही.’

नाव घेतलं नाहीस! त्या दिवशी धावपट्टीच्या मधल्या पट्ट्यात चालणारी बाई एकच होती आणि त्यापायी कामावरून काढलेलीही एकच. तळाजवळच्या वस्तीत आजही पाव आणायला गेली तर लोक बोट दाखवतात. नाव कशाला लागतं?

आणि मला कळत नाही म्हणतोस, तर ऐक. तुम्ही चौघं विमान वरून बघता. मी खालून बघितलंय, तेही ओणवी होऊन. तुमच्या त्या चर्चेत वेग झाला, उंची झाली, किती पाडली ते झालं. एकानेही विचारलं नाही की विमानाचं तोंड जमिनीपासून किती वर आहे. सुईचं तोंड बघ. हुंगत चाललेल्या कुत्र्यासारखं खाली. समोर जे पडलं असेल ते गिळणार. खडा, खिळा, वायसर, कुणाच्या बुटाच्या टाचेचा तुकडा. म्हणून सुई उडायची असली की आम्ही अकराजणी हातभर अंतर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचो, आणि तशाच परत. ऊन असो, धुकं असो, पोट दुखत असो. भोपळ्यासाठी आम्हाला कधी दोनदा चालायला लावलं नाही. त्याचे पंख वर, पंखे त्याहून वर. शेतात उतरव, मुरुमावर उतरव, कुरकुर नाही. पूर आला तेव्हा तोच गेला, छतावरची माणसं घेऊन आला, आणि एक बाई तर त्याच्या पोटातच बाळंत झाली. तुझ्या सुईत पायलटची नीट मांडी बसत नाही.

आता म्हणशील, आई, ते लढाऊ विमान आहे, रुग्णवाहिका नव्हे. बरं. मग तुमच्या स्पिटफायरचं घे. त्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने एवढं कौतुक केलं, पण रोज पहाटे त्याच्या चाकाखालचं कुणी साफ केलं ते सांगितलं? नाही. म्हणजे ते विमान आपलं आपण उठायचं आणि उडायचं. ज्या विमानाला उडवायला खाली अकरा बायकांच्या कमरा मोडतात ते सर्वश्रेष्ठ नव्हे, ते लाडावलेलं. हे माझं मत. जाड्याला कळव, माझा हात त्याच्या बाजूने वर.

आणि घारीबद्दल. तिला घार कोण म्हणायला लागलं ते तरी आठवतं का? तुझ्या हँगरमधलीच मंडळी. वीस पावलांवरून मसुरीएवढा खडा दिसायचा तिला. म्हणून मी तिला सहावा पट्टा दिला, अगदी मधला, जिथून सुईचं नाक जातं. साहेब पैज लावून खडा टाकून ठेवायचे आणि ती उचलून त्यांच्याच बुटावर ठेवायची. आज सत्तरीला आली. माझ्याबरोबर बाजारात येते तर मान खाली. रस्त्यातला खडा दिसला की वाकते, उचलते, खिशात टाकते. मी ओरडते, अगं इथे काय विमान उतरणार आहे का? ती म्हणते, ‘एक राहिला होता ना माझ्याकडून.’ एकतीस वर्षं हेच एक वाक्य.

एकही राहिला नव्हता. हे मला माहीत आहे आणि तुलाही.

आई


२० फेब्रुवारी

या वेळी हाताने लिहिलंस, म्हणजे कुठे तरी लागलं. ‘तूच मला गप्प बसवलंस. मी बोलायला तयार होतो. आता म्हातारपणी तुला पुण्य आठवलं.’

गप्प बसवलं, खरं आहे. नाकारत नाही. पण तू बोलायला तयार होतास हे मात्र तू स्वतःला पढवलेलं आहेस. त्या संध्याकाळी तू जिन्यात बसला होतास, चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून. मी विचारलं, ‘डबी कुठंय?’ तू म्हणालास, ‘आत.’ एवढं एकच. मी म्हटलं, ‘गप्प बस. आता जन्मभर गप्प बसायचं.’ तू मान हलवलीस. इतक्या पटकन हलवलीस की मला आधी बरं वाटलं आणि मग किळस आली. तुझी की माझी ते तेव्हा कळलं नाही.

एकदा नीट लिहूनच टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हातारीला भ्रम झाला.

साडेसातला आम्ही पट्टी चाललो, जाऊन येऊन. घारीच्या पिशवीत त्या दिवशी चार खडे आणि एक वायसर. त्याच सुमारास तू सुईच्या तोंडात शिरून इंजिनाची पाती तपासत होतास. तडे बघायचे असतात, आणि तुला चष्म्याशिवाय तडा सोड, पातं दिसत नव्हतं. तू डबीतून चष्मा काढलास, घातलास, काम केलंस, चष्मा परत डबीत ठेवलास, उतरलास, सही केलीस. चष्म्याची पत्र्याची डबी आतच राहिली. तिच्यासकट चष्माही.

नऊ वाजता सुई सुटली. पत्र्याचं पिंप जिन्यावरून गडगडावं तसा आवाज, शेपटीतून जाळ, आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे धूर. त्या पायलटला आम्ही बायका ओळखायचो. विमानात चढताना आमच्याकडे बघून हात वर करायचा. बाकीचे साहेब आम्ही खांब असल्यासारखे जायचे.

मग आम्हालाच पाठवलं, पट्टीवर काय सांडलंय ते वेचा. सहाव्या पट्ट्यात मला डबीचं अर्धं झाकण मिळालं. इंजिनाने चावून मागे फेकलेलं, चेंबलेलं, काळं पडलेलं, पण कोपऱ्यात तू खिळ्याने ओढलेली फुली तशीच होती. मी मूठ मिटली. घार माझ्यापासून दहा हातांवर ओणवी होती. तिची नजर, आणि तिला माझी मूठ दिसली नाही, कारण ती रडत होती. ते झाकण मी जेवणाच्या सुट्टीत सांडपाण्याच्या नाल्यात टाकलं.

चौकशीचे तीन साहेब आले. इंजिनात बाहेरची वस्तू गेली, म्हणाले, बहुधा दगड. मधल्या पट्ट्यात कोण होतं? मी मुकादम. सांगायचं काम माझं. मी बोट दाखवलं.

तुझी नोकरी राहिली, माझी राहिली. तुला बढती मिळाली, तू बदली मागून घेतलीस, आणि मग हळूहळू माझं तोंड बघणंही सोडलंस. तोंडात आठवण दिसते ना. मी म्हटलं जाऊ दे, मुलगा निदान जगतोय. पण जिला बुडवली तिलाच पुन्हा स्टेजवर ओढून तिच्या पाठीवर उभं राहून बक्षीस घेशील असं वाटलं नव्हतं. गप्प बस म्हटलं होतं मी. गप्पच बसायचं होतंस. भाषण करायला कुणी सांगितलं होतं?

आई


२ मार्च

‘जगाला सांगायचं तर सांग. पण मग खिशाचंही सांग. ते बरं विसरतेस.’

शाबास. खरा माझ्या पोटचा. वर्मावर घाव घालायचा तर असा.

विसरले नव्हते. लिहायचं टाळलं होतं. दोन्हींत फरक आहे आणि तो तुला चांगला माहीत असेल.

तर खिसा. सुईच्या तोंडात शिरणाऱ्या फिटरला वेगळी डांगरी मिळायची, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच कपडा. खिसा नाही, बटण नाही, बक्कल नाही. अंगावर काही राहायलाच नको की जे आत पडेल. तू एकविसाव्या वर्षी आंधळ्यासारखा चाचपडायला लागलास, आणि कळलं असतं तर साहेबांनी तुला इंजिनावरून काढून भांडारात बोल्ट मोजायला बसवलं असतं. तू माझ्यासमोर लहान मुलासारखा रडलास. म्हणालास, आतमध्ये कुणी बघत नाही, तेवढ्यापुरता चष्मा घालीन, पण न्यायचा कसा? आधी डबी दातात धरून नेलीस काही दिवस. पत्र्यावर दातांच्या खुणा, ओठ फाटलेला. मला बघवेना.

मी तुझ्या डांगरीला आतून खिसा शिवला. काखेखाली, त्याच रंगाचा दोरा, दोन टिपा. इतका साफ की दारावर चाचपणाऱ्या हवालदाराच्या हाताला लागला नाही. मला अभिमान वाटला होता, ऐकतोयस? मशीन झाकून ठेवताना मी स्वतःशी हसले होते, की साहेबांच्या डोक्याला जे सुचलं नाही ते माझ्या हाताने केलं. डांगरीला खिसा का नाही हे मला त्या तळावरच्या कुणाहीइतकं माहीत होतं. सत्तावीस वर्षं मी ओणवी कशासाठी चालले? सुईच्या तोंडात काही जाऊ नये म्हणून. आणि मीच तिच्या तोंडात जायची वाट शिवून दिली. खिशाचं तोंड मात्र निमुळतं शिवायचं राहिलं. झाकण लावायला हवं होतं, हुक तरी. तुला आत उताणं सरकायचं असतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. डबी घसरून पडली.

तू धमकी दिलीस ना, खिशाचंही सांग म्हणून? उशीर झाला. परवा सकाळी मीच घारीकडे गेले आणि सांगितलं. आधी खिसा, मग झाकण, मग बोट. त्याच क्रमाने, कारण चूकही त्याच क्रमाने झाली.

ती भांडी पुसत होती. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘झाकण पट्ट्यात नक्की कुठे होतं?’

मी म्हटलं, ‘मधल्या रेघेच्या डाव्या अंगाला, तिसऱ्या दिव्यापाशी.’

‘तिथे मी दोनदा बघितलं होतं.’

‘हो.’

‘काही नव्हतं.’

‘नव्हतं गं.’

तिने ताट फडताळात लावलं. दुसरं पुसलं. तेही लावलं. मग म्हणाली, ‘मुकादमबाई, आता उठा.’ एकतीस वर्षांत तिने मला मुकादमबाई म्हटलं नव्हतं. मी अजून काही बोलायला तोंड उघडलं तर तिने दार उघडलं. जिना उतरेपर्यंत मागून दार लागल्याचा आवाज आला नाही. म्हणजे मी खरंच जातेय की नाही ते बघत उभी होती.

पत्रात मी तुला फार शहाणपण शिकवलं. तिच्या दारात मला एक धड वाक्य सुचलं नाही.

आई


९ मार्च

तुझं लांबलचक पत्र आलं. या वेळी चक्क ‘प्रिय आई’. म्हणजे काही तरी हवंय. वाचलं. घारीला घरी जाऊन भेटतोस म्हणतोस. माफी मागतोस, पाया पडतोस, ‘तिला जे हवं ते’ करतोस. फक्त सभेत नको. संग्रहालयाची समिती, वर्तमानपत्रं, सुईवरची तुझी पुस्तिका, आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, तुझी मुलगी. तिला कळू नये.

मला वाटलं होतं तू शेवटपर्यंत नाकारशील. नाकारलं नाहीस. तेवढी एक गोष्ट तुझ्या बाजूची धरते. पण सौदा काही मी ठरवायचा नाही, म्हणून पत्र घेऊन घारीच्या दारात गेले. आत घेतलं नाही. दारातच उभं राहून मी वाचून दाखवलं, शेजारचे ऐकत होते तर ऐकोत.

ती म्हणाली, ‘घरात येऊन पाया पडणार. आणि मग मी ते पाया पडणं कुणाला दाखवू? शेजारणीला?’

मी पत्राची घडी घातली.

‘त्याने मला घरात दोषी ठरवलं का? माईकवर ठरवलं. मग मला घरात कशाला सोडवतो?’

मी म्हटलं, ‘त्याची मुलगी असणार तिथे.’

‘माझीही मुलगी होती,’ ती म्हणाली. ‘आईने माणूस मारला असं शाळेत ऐकून आली होती ती. आठ वर्षांची होती. तुमच्या नातीचं वय काय?’

बावीस, मी म्हटलं. दार लागलं.

काल तिने निरोप पाठवला. माझ्याशी बोलत नाही, पण निरोप पाठवते; तिचं ते बरोबर आहे. निरोप असा, की ती शेवटच्या फेरीला येणार.

तेव्हा आता कसं होणार ते सांगते, म्हणजे नंतर घात झाला म्हणून ओरडायला नको. आम्हाला आणायला तुझी मुलगी गाडी घेऊन येते आहे. आजी माझ्या बाबांना ऐकायला येणार म्हणून तिला आनंद झालाय. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. दोन आठवडे आहेत तुझ्याकडे. आधी तिला सांगायचं की तिथेच ऐकू द्यायचं ते तू बघ. घार पुढे बसेल, मी मागे, कारण तिने माझ्याशेजारी बसायला नकार दिलाय. तुम्ही चौघं हवं तेवढं भांडा. सुईचा वेग सांग, उंची सांग, मी मध्ये बोलणार नाही. सुई जिंकली आणि संग्रहालयाच्या दारात उभी राहिली तरी माझी हरकत नाही. चांगलंच विमान होतं ते. त्या दिवशी ते नीटच उडणार होतं. खाली उभं राहून त्याच्यावर पाटी लिहिताना मात्र कारण खरं लिहा.

शेवटी प्रश्न विचारा म्हणतात ना, तेव्हा घार उठेल. बोलायची सवय नाही तिला, आवाज लहान आहे, तेव्हा माईक तिच्यापर्यंत पोचव. ती एवढंच विचारणार आहे, की सुई पडली ती कशाने.

खिसा कुणी शिवला असं पुढे कुणी विचारलं तर मी मागून उभी राहीन, ते माझं उत्तर आहे आणि ते मी देईन. पण घारीच्या प्रश्नाला निवेदकाने मध्ये पडायचं नाही, जाड्याने सावरून घ्यायचं नाही, अहवाल काढून वाचायचा नाही, मी बोलायचं नाही. उत्तर तू द्यायचंस. उभं राहून, तिच्याकडे बघून, आणि चष्मा लावून.